रात्री आठ वाजता ३५ वॅट! गच्चीवर प्रारणमापक बसवताना

पुण्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने गच्चीवर सौर प्रारण मोजण्याचे उपकरण बसवले होते. बारा महिने नोंदी झाल्या, विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ते तयार झाले आणि त्यापूर्वी एकदा नजर टाकावी म्हणून मला बोलावणे आले. तक्ते सुरेख होते. त्यांवरून मुलांनी एक निष्कर्षही काढला होता : नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत संध्याकाळी सूर्यप्रकाश एकाएकी घटतो आणि त्याचे कारण म्हणजे शहराकडून येणारे धुरके. मी मूळ वही चाळत होतो. माझे लक्ष मात्र भलत्याच नोंदीवर अडले. 'रात्री ८.१० : ३५ वॅट'. दुसऱ्या दिवशी रात्री ८.०५ ला ३४. मग जवळजवळ रोजच, पंधरा-वीस मिनिटे, असाच आकडा.

"सर, ते रात्रीचे आकडे आम्ही धरलेच नाहीत," एक मुलगी म्हणाली. "रात्री सूर्य नसतोच, म्हणून गाळून टाकले."

चंद्र असेल म्हणावे, तर पौर्णिमेचे चांदणे दर चौरस मीटरला एका वॅटच्या शंभराव्या भागाइतकेही भरत नाही. मग ३५ वॅट आले कोठून? आम्ही त्या दुपारी गच्चीवर गेलो आणि संध्याकाळपर्यंत तेथेच होतो. त्या चार तासांत जे सापडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. अलीकडे अनेक शाळा-महाविद्यालयांच्या छपरांवर सौर पॅनेल बसली आहेत, त्यांच्यासोबत असे मापक येतात, किंवा एखाद्या प्रकल्पासाठी घेतले जातात. उपकरण महाग असते, पण ते बसवण्याचे काम बहुधा वायरमनवर सोपवून आपण मोकळे होतो.

प्रथम उपकरणाची ओळख करून घेऊ. याला पायरॅनोमीटर म्हणतात. वरून पाहिले तर एक काचेचा घुमट दिसतो, त्याच्या आत आणखी एक घुमट आणि त्याखाली मिट्ट काळी चकती. सूर्याकडून थेट येणारे आणि आकाशातून विखरून येणारे असे सर्व प्रारण ही चकती शोषते आणि तापते. चकतीखाली दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारांचे अनेक सांधे एकापुढे एक जोडलेले असतात. अशा जोडणीतले काही सांधे गरम आणि काही थंड असले की विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे थॉमस सेबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांपासून माहीत आहे. येथे गरम सांधे काळ्या चकतीला चिकटलेले असतात आणि थंड सांधे उपकरणाच्या जाड धातूच्या बैठकीला. ऊन जितके प्रखर, तितका दोहोंच्या तापमानांतला फरक अधिक आणि तितका दाब अधिक. काचेचे घुमट वारा-पाऊस अडवतात. शिवाय काच सूर्यप्रकाशाला वाट देते, पण भोवतालच्या भिंती, जमीन, हवा यांच्याकडून येणारे दीर्घ लहरींचे उष्णताप्रारण आत येऊ देत नाही. आपल्याला सूर्य मोजायचा आहे, तापलेली गच्ची नव्हे.

या सर्वांतून मिळणारा दाब किती असतो, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वातावरणाच्या वर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १३६१ वॅट पडतात. वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत, निरभ्र आणि कोरड्या हवेत, मार्च-एप्रिलच्या भर दुपारी सपाट जमिनीवर ९०० ते १००० वॅट उरतात. अशा रणरणत्या उन्हातही पायरॅनोमीटर साधारण १० मिलिव्होल्ट दाब देतो. विजेरीच्या सेलचा दाब याच्या दीडशे पट असतो. दर वॅटमागे वाटणीला येतात ते केवळ १० मायक्रोव्होल्ट. हा आकडा उपकरणागणिक ५ ते २० च्या दरम्यान बदलतो आणि प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा आकडा त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. समजा, प्रमाणपत्र म्हणते ९.८ मायक्रोव्होल्ट आणि मीटर दाखवतो ७.३५ मिलिव्होल्ट, म्हणजे ७३५० मायक्रोव्होल्ट. भागाकार केला की ७५० वॅट दर चौरस मीटर. गणित एवढेच आहे. अडचण अशी की, त्या दोन तारांवर सूर्याखेरीज आणखी कोणी दहा-वीस मायक्रोव्होल्ट आणून टाकले, तर मीटरला ते सूर्याचेच वाटतात. त्याला भेद करता येत नाही. तो भेद उपकरण बसवणाऱ्याने आधीच करून ठेवायचा असतो. जागा, पातळी, तार आणि अर्थिंग या चारही गोष्टींत आपण तेच करत असतो.

आता जागेचे पाहू. जागतिक हवामान संघटनेचे मार्गदर्शन असे की, वर्षभरात सूर्य जेथून उगवतो आणि जेथे मावळतो त्या दिशांना क्षितिजापासून ५ अंशांहून उंच असा अडथळा नसावा. पाच अंश म्हणजे किती? हात पूर्ण लांब करून मधली तीन बोटे जुळवून आडवी धरा. त्यांची रुंदी डोळ्याशी साधारण ५ अंशांचा कोन करते, आणि मिटलेली मूठ साधारण १० अंशांचा. उपकरणाच्या घुमटाइतक्या उंचीवर डोळा आणून, क्षितिजावर तीन बोटे ठेवत गोल फिरायचे. बोटांच्या वर डोके काढणारी प्रत्येक गोष्ट, मग ती नारळाचे झाड असो, मोबाइलचा मनोरा असो की शेजारची इमारत, दिशेसह वहीत काढून ठेवायची. त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना सांगावे की ५ अंशांचे टॅन ०.०८७ आहे. म्हणजे घुमटापेक्षा एक मीटर उंच वस्तू किमान साडेअकरा मीटर दूर हवी.

त्या गच्चीवर आम्ही नेमके हेच केले. नैर्ऋत्येला, उपकरणापासून आठ मीटरवर पाण्याची टाकी होती. तिचा माथा घुमटापेक्षा दोन मीटर उंच. दोनाला आठने भागले की पाव. म्हणजे १४ अंश. तीन बोटे सोडाच, दीड मूठ भरली. आता पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, सूर्य डिसेंबरच्या अखेरीस ठीक पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारे २५ अंश सरकलेला असतो. म्हणजे बरोबर टाकीच्या मागे. त्या दिवसांत सूर्य १४ अंशांवर उतरतो तेव्हा मावळायला तास-सव्वा तास अवकाश असतो. तेवढा वेळ उपकरण सावलीत. फेब्रुवारी उजाडला की सूर्य उत्तरेकडे सरकतो, टाकीच्या बाजूने निसटून मावळतो आणि 'धुरके' नाहीसे होते!

खरे तर वहीतच याचा पुरावा होता. दाट धुरक्यात प्रकाश अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू मंदावतो. येथे आलेख दोन-तीन मिनिटांत कड्यावरून पडावा तसा पडत होता. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश आहे आणि सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे त्याच्या बिंबाला एखाद्या कडेमागे जायला दोन-तीन मिनिटेच लागतात. शिवाय पडझडीची वेळ रोज जवळजवळ तीच होती. धुरके इतक्या शिस्तीने येत नाही. मुलांचे चेहरे उतरले, हे सांगायला हवे. प्रदर्शनाचा मुख्य तक्ता बाद झाला होता.

पण आकाशातल्या भूमितीने एक सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे सूर्य जूनमध्येही पूर्वेच्या उत्तरेस जास्तीत जास्त २५ अंशांवर उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस तितक्याच अंतरावर मावळतो. ठीक उत्तरेकडच्या रुंद पट्ट्यात सूर्य क्षितिजाजवळ कधीच नसतो. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने उन्हाळ्यात काही आठवडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस जातो खरा, पण तेव्हा तो इतका उंच असतो की टाकीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा टाकी हलवायची नव्हती. उपकरण टाकीच्या दक्षिणेला नेले की झाले. पंधरा मीटर तार जास्त लागली. टाकीमुळे आकाशाचा जो तुकडा झाकला जातो त्याचा विखुरलेला प्रकाश बुडतो, पण तो फार थोडा.

टाकीच्याच माथ्यावर उपकरण का बसवू नये, असे एका शिक्षकांनी विचारले. बसवता येईल, क्षितिजही उत्तम मिळेल. पण तेथे रोज चढणार कोण? घुमटावर धूळ बसते, कावळे बसतात. मऊ कापड आणि ऊर्ध्वपातित पाणी यांनी तो पुसावा लागतो, शक्यतो सूर्योदयापूर्वी. ज्या जागी शिडी लावून जावे लागते तेथील उपकरण महिन्यातच धुळीने झाकलेले मी अनेकदा पाहिले आहे. छातीइतक्या उंचीचा भक्कम खांब, त्यावर लोखंडी पट्टी आणि बाजूला उभे राहायला जागा, हे मला सर्वोत्तम वाटते. पांढऱ्या रंगाची भिंत किंवा चकाकता पत्रा मात्र जवळ नको. त्यावरून परावर्तित झालेले ऊनही मोजले जाते.

पातळीकडे वळू. उपकरणाच्या बैठकीत गोल पाणसळ बसवलेली असते; तिचा बुडबुडा वर्तुळात आणायचा. हे सर्वांना माहीत असते, तरी येथे पट्टी गच्चीच्या लादीला समांतर बसवली होती आणि बुडबुडा वर्तुळाच्या काठाला लागला होता. "गच्ची सपाटच आहे की," असे उत्तर मिळाले. गच्ची सपाट नसते. पावसाचे पाणी पन्हाळीकडे वाहावे म्हणून गवंडी तिला मुद्दाम उतार देतो, ऐंशी-शंभर फुटांना एक फूट असा. म्हणजे अर्धा ते पाऊण अंश. एवढ्याने काय बिघडते? आडव्या चकतीवर पडणारे थेट ऊन सूर्याच्या उन्नतांशाच्या साइनप्रमाणे बदलते. सूर्य ६० अंशांवर असताना चकती त्याच्याकडे एक अंश कलली, तर साइन ६० च्या जागी साइन ६१ येते आणि चूक केवळ १ टक्का होते. पण सूर्य १० अंशांवर असेल तर साइन १० आणि साइन ११ यांतला फरक जवळजवळ १० टक्के आहे. म्हणून कललेल्या उपकरणाचा आलेख सकाळ आणि संध्याकाळ यांत भेदभाव करतो. निरभ्र दिवसाचा आलेख मध्यावर दुमडून पाहिला आणि दोन बाजू जुळल्या नाहीत, तर आधी पाणसळ पाहावी. मुलांना हा प्रयोग ट्रेसिंग पेपरवर करता येतो. मात्र दुमडायचे ते घड्याळाच्या बारावर नव्हे, तर सूर्य मध्यान्हवृत्तावर येतो त्या क्षणावर. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि पुणे ७३.९ वर, त्यामुळे पुण्याची खरी दुपार साधारण साडेबाराच्या आगेमागे होते.

पातळी साधायला बैठकीला दोन फिरते पाय आणि एक स्थिर पाय असतो. बुडबुडा मध्यावर आल्यावर जे दोन बोल्ट आवळतो, ते आवळताना पुन्हा पातळी बिघडते. म्हणून थोडे आवळायचे, पाहायचे, पुन्हा थोडे. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि अॅल्युमिनियमच्या बैठकीखाली नायलॉनच्या चकत्या हव्यात. कोकणात आणि गोव्यात तर याला पर्यायच नाही, कारण खाऱ्या दमट हवेत दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की गंज झपाट्याने धरतो. उत्तर गोलार्धात तार उत्तरेकडून बाहेर येईल असे उपकरण फिरवून ठेवतात, म्हणजे जोडाच्या जागी ऊन कमी लागते. बैठकीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची कुपी असते. तिचे दाणे रंग बदलले की ते नवे भरावेत किंवा भट्टीत वाळवावेत. पावसाळ्यात हे विसरले तर आतल्या घुमटावर दव धरते.

आता तार. रात्रीच्या ३५ वॅटचे कोडे येथे होते.

उपकरणापासून प्रयोगशाळेतल्या नोंदयंत्रापर्यंत वायरमनने स्पीकरसाठी मिळते तशी चपटी दुहेरी तार टाकली होती. गच्चीवरून खाली येताना ती आधीपासून असलेल्या एका वायरीला चिकटपट्टीने बांधत आणली होती. काम नीटनेटके दिसत होते. ती दुसरी वायर कशाची, हे मी पहारेकरी काकांना विचारले. "बोअरच्या पंपाची," ते म्हणाले. "टाकी भरलेली दिसावी म्हणून बटण वर बसवलंय. मी रोज आठला पंप लावतो."

काकांनी एका वाक्यात कोडे सोडवले होते. आपण फक्त त्याचे भौतिकशास्त्र पाहायचे. पंपाच्या वायरीतून काही अँपिअर प्रत्यावर्ती प्रवाह जातो. त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. शेजारी चपट्या तारेच्या दोन वाहकांमध्ये अरुंद पण वीस मीटर लांब अशी फट आहे, म्हणजेच एक लांबलचक वेटोळे. फॅरडेच्या नियमानुसार त्यात दाब प्रेरित होतो. तो मिलिव्होल्टभर असला तरी आपल्या मोजमापात एक मिलिव्होल्ट म्हणजे शंभर वॅट!

पण येथे चौकस विद्यार्थी अडवतील आणि त्यांनी अडवावेच. प्रत्यावर्ती दाब जेवढा धन तेवढाच ऋण असतो. नोंदयंत्र मिनिटभराची सरासरी घेते. सरासरी शून्य यायला हवी होती. ३५ कशी आली? याचे उत्तर नोंदयंत्रात होते. ते मुलांनीच मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि प्रवर्धक वापरून जुळवले होते, आणि त्याला शून्याखालचा दाब वाचताच येत नव्हता. ऋण आले की ते शून्य लिहीत असे. रात्री सूर्याचा दाब शून्य असताना लाटेचा खालचा अर्धा भाग छाटला जाई आणि वरच्या अर्ध्याचीच सरासरी उरे. दिवसा सूर्याचे सात-आठ मिलिव्होल्ट असताना लाट त्यांच्यावर स्वार होई, काही छाटले जात नसे आणि सरासरी बरोबर येई. म्हणजे ज्या नोंदीने मला दचकवले होते तिने दुपारच्या आकड्यांचे फारसे नुकसान केले नव्हते, आणि ज्या टाकीने व पाणसळीने नुकसान केले होते त्यांनी काहीच आवाज केला नव्हता.

मग तार कशी हवी? दोन्ही वाहक एकमेकांना पिळलेले हवेत. पिळामुळे एका वेढ्यात प्रेरित झालेला दाब पुढच्या वेढ्यातल्या उलट दाबाने खोडला जातो. पिळलेल्या जोडीभोवती तांब्याच्या जाळीचे किंवा पत्र्याचे कवच हवे. त्याला शील्ड म्हणतात. बाहेरचे आवरण उन्हाने न तडकणारे असावे. विजेच्या वायरींपासून ती किमान फूटभर दूर न्यावी, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. ती वाऱ्याने हलू नये म्हणून ठिकठिकाणी बांधावी. भिंतीतून आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकलेला एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते, भिंतीत शिरत नाही.

शील्डबद्दल सर्वांत जास्त चुका होतात. ती जमिनीला एकाच टोकाशी जोडायची, सामान्यतः नोंदयंत्राच्या बाजूला. दोन्ही टोके जोडली तर जास्त सुरक्षित, असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. गच्चीवरचा खांब आणि प्रयोगशाळेतले अर्थिंग यांच्या दाबांत नेहमी थोडा फरक असतो. शील्डने ती दोन टोके जोडली की तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि ज्या आवरणाने संरक्षण करायचे तेच गोंगाट पेरते. खांबाला मात्र स्वतंत्रपणे, जाड पट्टीने, इमारतीच्या वीजरोधकाच्या अर्थिंगशी जोडावे. आणि वळवाच्या गडगडाटात कोणीही घुमट पुसायला गच्चीवर जाऊ नये. दोन्ही वाहक नोंदयंत्राच्या अशा प्रवेशाला जोडावेत जो दोन तारांमधला फरक मोजतो. दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट त्या वजाबाकीत निघून जातो.

तारेच्या लांबीची भीती बाळगण्याचे कारण नाही. पाव चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा शंभर मीटरला जाऊन-येऊन रोध १४ ओहम होतो. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा एक कोटी ओहम असतो. त्यापुढे १४ काहीच नाहीत. पण प्रयोगशाळेतल्या कपाटातला जुना काटा फिरणारा मिलिव्होल्टमीटर जोडाल तर तो स्वतःच प्रवाह ओढतो, आणि उपकरणाचा अंतर्गत रोध व तारेचा रोध मिळून वाचन चांगलेच घटवतात. तो वापरू नये. साधा मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणजे दहा वॅटपर्यंत. वर्गातल्या कामाला तो पुरतो.

तारेत जोड मात्र शक्यतो नकोच. भिन्न धातूंचा प्रत्येक सांधा, एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल, तर स्वतःच एक छोटा सेबेक परिणाम घडवतो. ज्या तत्त्वावर आपले उपकरण चालते त्याच तत्त्वाने गच्चीवरचा पिळून टेप लावलेला जोड खोटा सूर्य निर्माण करतो. जोड द्यावाच लागला तर दोन्ही वाहकांचे जोड एकाच बंद डबीत, शेजारी-शेजारी, सारख्याच तऱ्हेने द्यावेत, म्हणजे दोहोंचे तापमान एक राहते.

जोडणी पुरी झाली की दोन चाचण्या. दुपारी घुमटावर काळे जाड कापड किंवा झाकण ठेवा. आकडा मिनिटाभरात शून्याजवळ यायला हवा. न आला तर तारांवर दुसरे कोणीतरी आहे. आणि पंप, लिफ्ट, वेल्डिंग जे काही इमारतीत चालते ते चालू-बंद करून पाहा.

दुसरी चाचणी रात्रीची, आणि तीच मुलांनी गाळली होती. निरोगी पायरॅनोमीटर निरभ्र रात्री शून्य दाखवत नाही. तो उणे दोन, उणे पाच असे काहीतरी दाखवतो. कारण बाहेरचा काचेचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता प्रारित करून हवेपेक्षा थंड होतो, त्याच्यामुळे काळी चकतीही बैठकीपेक्षा किंचित थंड होते आणि दाब उलट दिशेला जातो. ढगाळ रात्री हा आकडा शून्याजवळ सरकतो, कारण ढग आकाशापेक्षा उबदार असतात. आतला दुसरा घुमट हा परिणाम कमी करण्यासाठीच असतो. उणे आकडा पाहून पुष्कळजण घाबरतात किंवा त्याला शून्य करून टाकतात. कृपया तसे करू नये. तो उपकरणाच्या प्रकृतीचा दाखला आहे. रात्री अधिक आकडा येत असेल, तर शोध घ्यावा. दिवसा उणे आणि रात्री किंचित अधिक दिसले, तर मात्र दोन तारा उलट जोडल्या आहेत एवढेच.

दिवसा एक चमत्कार दिसतो, तो दोष समजू नये. पांढरे पुंजके आकाशात असताना, सूर्य उघडा असेल तर आकडा निरभ्र दिवसापेक्षाही वर जातो, कधी काही क्षण १२०० च्या पुढे. सूर्याशेजारच्या ढगाची कड आरशासारखे काम करून जादा प्रकाश आपल्याकडे पाठवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात याची वाट पाहावी.

हे सारे नियम आपल्या देशात रुजवणाऱ्यांत अण्णा मणी यांचे नाव पहिल्या रांगेत येते. केरळात १९१८ मध्ये जन्मलेल्या आणि रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केलेल्या अण्णा मणी १९४८ मध्ये भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातील उपकरण विभागात आल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले, त्यामागे त्यांचे काम होते. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आज एखाद्या गावात पंप किंवा पॅनेल किती मोठे लागेल याचे गणित करताना असल्याच मोजमापांचा आधार घेतला जातो. पुण्याची प्रारण प्रयोगशाळा आजही देशातील संदर्भ उपकरणे सांभाळते, आणि ती उपकरणे स्वित्झर्लंडमधील दावोस येथे साधारण दर पाच वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलनेत जगाच्या प्रमाणाशी ताडून पाहिली जातात. आपल्या उपकरणाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा अशा साखळीतून आलेला असतो. म्हणून दोन वर्षांनी ते पुन्हा तपासून घ्यावे, असे म्हणतात.

त्या महाविद्यालयाने पुढच्या महिन्यात उपकरण हलवले, पिळलेली तार टाकली, आणि नोंदयंत्राला उणे आकडे वाचायला शिकवले. प्रदर्शनात मुलांनी धुरक्याचा तक्ता मागे घेतला आणि त्याजागी टाकीच्या सावलीचाच तक्ता मांडला, टाकीच्या रेखाटनासह. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

ज्या शाळांना पायरॅनोमीटर परवडत नाही त्यांनी छोटा सौर सेल वापरावा. सिलिकॉनच्या सेलची दोन टोके अगदी कमी रोधाने जोडली तर त्यातून वाहणारा प्रवाह उन्हाच्या प्रखरतेच्या प्रमाणात असतो. (उघड्या टोकांवरचा दाब मोजू नये, तो थोड्या उन्हातही जवळजवळ पूर्ण चढतो.) चांगला सेल भर उन्हात दर चौरस सेंटिमीटरला ३० ते ३५ मिलिअँपिअर देतो. दोन चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याला एक ओहमचा रोध जोडला की त्यावर साठ-पासष्ट मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे पायरॅनोमीटरच्या सहापट, आणि मल्टिमीटरला ते सहज वाचता येतात. सेल पातळीत बसवावा आणि पावसापासून जपावा. त्याला सूर्याच्या वर्णपटाचा सुमारे १.१ मायक्रोमीटरपर्यंतचाच भाग दिसतो आणि तिरप्या किरणांचा काही भाग त्याच्या काचेवरून परावर्तित होतो, म्हणून सकाळ-संध्याकाळचे आकडे कच्चे मानावेत. तो प्रमाणित करायला जवळपासच्या एखाद्या पायरॅनोमीटरशेजारी निरभ्र दिवसाचे चार तास ठेवून दोहोंची वाचने दर दहा मिनिटांनी लिहावीत आणि आलेखाचा उतार काढावा. जवळपास पायरॅनोमीटर नसेल, तर एप्रिलच्या निरभ्र दुपारी ९५० वॅट धरून चालावे. पाच-सात टक्के चूक राहील; ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.